चांगोशेटचे ठिपके

कागद पुन्हा गर्रकन फिरला.

मुरबाडच्या फोटो स्टुडिओत, काउंटरच्या काचेवर सावळाराम गुरुजींनी दोन फोटो मांडले होते. दोन्ही आकाशातल्या एकाच तेजोमेघाचे, दुर्बिणीला कॅमेरा लावून त्यांनी स्वतः काढलेले. एक १९९६ चा, याच स्टुडिओत धुतलेला. दुसरा २००७ चा, आजच कल्याणच्या लॅबमधून आलेला. नव्या फोटोवरचे तारे आणि मेघाची कड त्यांनी ट्रेसिंग पेपरवर पेन्सिलीने उतरवून घेतली होती. तो कागद आता जुन्या फोटोवर बसवायचा होता. पण जुन्या फोटोत मेघाशेजारी एकच तारा होता. एकाच खिळ्यावरची पाटी जशी फिरते, तसा कागद त्या ताऱ्याभोवती फिरत होता.

"तेव्हा वाटलं, आपला कॅमेराच कमी पडला," गुरुजी म्हणाले. पुन्हा छापावा, तर निगेटिव्ह दोन वर्षांपूर्वीच्या पुरात कुजलेली.

रुपा शेजारी उभी होती. ती आता सापगावच्या अंगणवाडीत शिकवत होती. चौथीत असताना तिनेच विचारलं होतं, "गुरुजी, हा ढग वाढतो म्हणता, पण तुमी पाह्यलंय का?" गुरुजींनी नाही म्हटलं होतं आणि दहा वर्षांची मुदत मागितली होती. अकरा झाली होती.

"ऱ्हाऊ द्या गुरुजी. वाढला असंल."

"असेल नको. तुला दिसायला हवा."

रुपाने जुना फोटो उचलला आणि दाराच्या उजेडात तिरका धरला. चकचकीत कागदावर जागोजागी चमक नसलेले बारीक डाग होते.

"चांगोशेट, ह्ये काय लागलंय?"

स्टुडिओचे मालक चांगोशेट चष्मा पुसत पुढे आले. "लागलं नाय, लावलंय. निगेटिव्हवर धूळ बसली का फोटोत पांढरे ठिपके येतात. ह्याच्यात तर नुसता कचरा होता. गुरुजींचं काम म्हणून ब्रश घेऊन एकेक ठिपका शाईनं बुजवला. दोन तास बसलो."

गुरुजींनी नव्या फोटोतल्या ताऱ्यांवर बोट ठेवलं.

"शेट, ते तारे होते."

"मग तवाच सांगायचं ना."

"दिसलेच नाहीत, तर काय सांगू?"

चांगोशेट आत गेले. वाटीत पाणी आणि कापूस घेऊन आले. "शाई वरवरची आहे. निघंल." त्यांनी पहिला डाग हलकेच पुसला. खाली पांढरा ठिपका निघाला. मग दुसरा. रुपा मोजत होती. सात झाले.

गुरुजींनी कागद ठेवला. ताऱ्यांवर तारे बसले. कागद हलेना.

जुना मेघ पेन्सिलीच्या रेषेच्या आत होता. केसभर आत. रुपाने कडेकडेने नख फिरवत नेलं.

"सगळीकडनं?"

"सगळीकडून."

"वाढलाय, गुरुजी," ती म्हणाली.

चांगोशेट दोघांच्या मधून वाकून बघत होते. "पर हा ढग हाय तरी कशाचा?"

"एक तारा फुटला होता. त्याची धूळ."

चांगोशेटनी चष्मा काढला.

"म्हंजे खरी धूळ तेवढी बुजवायची ऱ्हायली माझ्याकडनं."