खिडकीपुढची गाडी

काकांचे हात थरथरायला लागले, तेव्हा चालकाने इंडिकेटर लावला आणि शववाहिका सरळ गाडीतूनच खाणं घ्यायच्या रांगेत घातली.

“नको हो,” काका म्हणाले. “हिला मागं ठेवून मी खात बसू?”

“तुमची शुगर उतरलीय. घाम बघा किती फुटलाय. घर अजून लांब आहे, आणि मला एका गाडीतून दोघांना न्यायचं नाही.”

बोलून गेला आणि त्याने जीभ चावली. काका रागावले नाहीत. त्यांनी फक्त वळून मागच्या पडद्याकडे पाहिलं. सकाळी हॉस्पिटलमधून निघाल्यापासून काकू त्या पडद्याआड स्ट्रेचरवर होत्या, आणि तासातासाने काका असं वळून बघत होते.

चालकाचा या रांगेवर जीव होता. त्याला दुसरीकडे कुठे सुखाने दोन घास मिळत नसत. गाडी सोडून जायचं नाही हा धंद्याचा नियम. रिकाम्या गाडीने परतताना कुठे टेबलाशी बसलाच, तर बाहेरची गाडी कुणाची हे कळायचा अवकाश, शेजारचे लोक आपापली ताटं उचलून लांब जात. इथला ऑर्डर घेणारा भोंगा मात्र सगळ्यांशी सारखाच गोड बोलायचा. भोंग्याला डोळे नसतात, एवढाच त्याचा मोठेपणा.

“नमस्कार! काय घ्याल, सर?”

सर! गेल्या कित्येक महिन्यांत त्याला सर म्हणणारं हे एकच यंत्र होतं.

“दोन बर्गर. आणि संत्र्याचा ज्यूस, साखर घातलेला. काका, तिखट चालेल ना?”

“मला चालतं. हिलाच जरा…”

पहिल्या खिडकीवर पैसे घेणाऱ्याने मान वर केलीच नाही. दुसऱ्या खिडकीवरची मुलगी हसतमुख होती. पुडकं घेऊन तिने हात बाहेर काढला, गाडीच्या अंगावरची अक्षरं वाचली आणि पुडक्यासकट हात आत घेतला. खिडकी खाडकन बंद झाली. मग मॅनेजर आला आणि त्याने ती बोटभर उघडली.

“अहो, ही गाडी इथे कशी आणलीत? आत वाढदिवस चाललाय. लहान मुलं आहेत.”

“पैसे भरलेत साहेब. पुडकं द्या, चाललो.”

“आधी पुढे काढा. बाहेर फाटकापाशी थांबा, पाठवतो.”

त्या ‘पाठवतो’चा चालकाला चांगला अनुभव होता. मागे एकदा असाच फाटकापाशी वाट बघत राहिला आणि शेवटी उपाशीच निघाला. तेव्हा एकटा होता, अपमान गिळला आणि त्यावरच पोट भरलं म्हणाला. आज शेजारी काका काचेला डोकं टेकून बसले होते. त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

त्याने इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि खिशात टाकली.

“बंद पडली,” तो म्हणाला.

“काय?”

“गाडी. जुनी आहे, काय भरवसा तिचा! ढकलावी लागेल. बोलवा माणसं.”

रांगेला एका अंगाला दुकानाची भिंत, दुसऱ्या अंगाला कठडा. मागे गाड्या तुंबल्या, हॉर्न सुरू झाले. चालकाने खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर वाकून हाक दिली, “अहो, कुणी हात लावता का? शववाहिका आहे, जरा ढकलायचीय!” लगेच मागच्याने काच वर घेतली. कोण लावतोय हात! मॅनेजर तणतणत बाहेर आला, बाह्या सावरून मागच्या दारापर्यंत गेला. पत्र्यापासून वीतभर अंतरावर त्याचे तळहात थांबले. तो तसाच उभा राहिला, मग हात खिशात घालून परत गेला.

खिडकी उघडली. ट्रे पुढे सरकला. पुडकं उचलेपर्यंत त्या मुलीने श्वास रोखून धरला होता.

चालकाने ज्यूसमध्ये नळी घातली आणि ग्लास काकांच्या तोंडाशी धरला. “प्या. सगळा प्या.” काका प्यायले. जरा वेळाने त्यांनी ग्लास स्वतःच्या हातात घेतला. घाम निवला. मागचा गोंगाट आता कान किटवत होता. चालकाने खिशातून किल्ली काढली.

“निघू या, काका. फार लोक खोळंबलेत.”

काकांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला. तो हात आता थरथरत नव्हता.

“हिने जन्मात कुणाला खोळंबवलं नाही हो,” ते म्हणाले. “दुकानात उभी असली तरी मागच्याला म्हणायची, तुम्ही व्हा पुढे. परवा हॉस्पिटलमध्येही तेच. बाकावर बसून येईल त्याला पुढे पाठवत होती. मी म्हटलं, अगं, आपला नंबर आहे, ऊठ. तर म्हणाली, त्यांना जाऊ दे. मला कुठे एवढं काय झालंय?”

त्यांनी बर्गरचा कागद सोडला, मांडीवर पसरला, त्याच्या चारही कडा सरळ केल्या. मागून कुणीतरी शिवी हासडली.

“वाजवू दे त्यांना,” काका म्हणाले. “मला सावकाश खायचंय.”