नवमीचं पान

"ती झोपडी राहू द्या," अच्युत म्हणाला. "बाराची मोटर चुकली तर मी वर्ध्याला पोचत नाही."

प्रमोदिनीनं गोळ्यांचा डबा काखोटीला मारला आणि ती चालायलाच लागली.

मेडिकलची मुलं नागपूरहून देवळीला आली होती, महारोगाची पाहणी करायला. गावोगाव फिरायचं, अंगावरचे चट्टे तपासायचे, लोकांना रोग समजावून सांगायचा. तपासणी होईल त्याला गोळ्या सुरू. ज्याची राहून गेली, त्याला काही नाही. आज शेवटचा दिवस होता, आणि इकडे पुन्हा कोण कधी फिरकेल याचा नेम नव्हता.

अच्युतला मुळात हे गावच नको होतं. सकाळी वाटणी झाली तेव्हा वर्ध्याजवळच्या दुसऱ्या गावासाठी त्यानं केवढी गळ घातली. कारणही तसंच होतं. आज अविधवा नवमी. वडील हयात असताना त्याची आई गेली, म्हणून तिचं श्राद्ध दर वर्षी याच तिथीला, आणि श्राद्धाला बसायला तो एकुलता एक.

पण चावडीवर उभा राहिला आणि काय बोलला! "हा रोग पापाचा नाही. तो लपवू नका. घरच्या माणसाला घराबाहेर काढू नका." बायकांनी डोळ्यांना पदर लावला. आपल्याला जन्मात असं बोलता यायचं नाही, असं प्रमोदिनीला वाटलं होतं.

आणि तोच माणूस आता मागून बोटं कडाकडा मोडत येत होता. ही त्याची जुनीच खोड. वर्गात सगळे वैतागायचे.

"तिकडं गावातलं कोणी जात नाई, बाई," कोतवाल तानबा वाटेत म्हणाला. "लई वर्सं झाले. राती कोणी बैलाच्या दमणीतून आणलं आन् नाल्यापाशी उतरवून देल्लं. नाव सांगे ना गाव सांगे. मंग आमीच आनंदाबाई म्हणून राह्यलो. भाकर ठेवतो दुरून."

"चौकशी नाही केली कुणी?"

"काऊन करन? कोणाच्या घरची लाज ते."

झोपडी शेणानं स्वच्छ सारवलेली होती. आत एक बाई भिंतीला टेकून बसली होती. बोटं झडलेली, नाक बसलेलं, डोळ्यांना नुसता उजेड कळत असावा. कपाळावर मात्र ठसठशीत कुंकू. त्या हातांनी ते कसं लावलं असेल कोण जाणे.

प्रमोदिनी तिच्या शेजारी जमिनीवरच बसली. अच्युत उंबऱ्याबाहेर थांबला, तोही पाठ करून.

"डोळे मिटा, आई. कापूस लावते. जिथं कळेल तिथं हात न्या."

कोपराच्या वर कळलं, मानेवर कळलं. खाली काहीच नाही.

"घरचं कुणी?"

"कुणी नाही, बाळ." बोलणं खेड्यातलं नव्हतं, चांगलं शहरातलं होतं. "आज तिथी कोणती गं?"

"नवमी. अविधवा नवमी."

बाहेर बोटांचा कडकड आवाज झाला. बाईनं मान वळवली आणि कान देऊन ऐकत राहिली.

"तुझ्याबरोबर कोण आहे?"

"माझे सोबती आहेत. डॉक्टरच व्हायचेत."

"आत येत नाहीत? बोलतही नाहीत."

"घसा बसलाय त्यांचा," प्रमोदिनी म्हणाली. सकाळभर गाव दणाणून सोडणाऱ्या माणसासाठी हे खोटं बोलताना तिचे कान तापले.

"नाव काय त्यांचं?"

प्रमोदिनी नाव सांगणार, तेवढ्यात अच्युतनं वळून जोरजोरानं मान हलवली. नको. सांगू नका.

प्रमोदिनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणजे या बाईच्या तोंडी आपलं नुसतं नाव येण्याचासुद्धा याला विटाळ! असल्या माणसाबरोबर आपण आलो याचीच तिला लाज वाटली.

"नावाचं काय एवढं," ती कसंबसं म्हणाली. "त्यांना जरा घाई आहे हो. घरी आईचं श्राद्ध आहे."

"आज?" बाई म्हणाली, "मग वडील आहेत म्हणायचे."

"आहेत. चांगले खुटखुटीत आहेत."

बाईनं हाताचं थोटूक अलगद कपाळाजवळ नेलं, पण कुंकू पुसलं जाईल म्हणून असेल, टेकवलं नाही.

"बरं झालं," ती म्हणाली. "जा गं तुम्ही. श्राद्धाला उशीर करू नये."

प्रमोदिनीनं गोळ्यांची पुडी तिच्या पदराला बांधली. कशा घ्यायच्या ते समजावलं. तानबानं रोज आठवण करायचं कबूल केलं. बाहेर येऊन पाहते तर अच्युत पार बांधापर्यंत पोचला होता, मागे न बघता भराभर चालला होता.

"मी त्यांना बोलणार आहे," ती परत वळून झोपडीत म्हणाली. "रागावू नका, आई. आमची माणसं अशी वागतात, मलाच लाज वाटते."

"रागावू नकोस त्याला. फार सोसलंय त्यानं." बाई हसली. "एवढंच सांग माझं. अच्युतला म्हणावं, आईच्या पानाशी बसल्यावर तरी बोटं मोडू नये."