काळ्या दोऱ्याची किनार

धाकटी सून टाके घालायची कमी आणि विचारायचीच जास्त. पांढऱ्या कापडावर काळ्या दोऱ्याने नक्षी भरायची, कापडाचे धागे मोजायचे आणि सुई घालायची. यात विचारण्यासारखं आहे काय, तेच सासूबाईंना कळत नव्हतं. पण ही प्रत्येक टाक्याला कापड त्यांच्या नाकासमोर आणून धरायची. "आई, बरोबर आहे ना?" पांढऱ्यावरचा काळा टाका चुकला तर लपत नाही, हे खरं. म्हणून काय माणसाने श्वाससुद्धा विचारून घ्यायचा? "सुई तुझ्या हातात आहे की माझ्या?" सासूबाई खेकसायच्या. ती मान खाली घालायची आणि पुढच्या टाक्याला पुन्हा हजर.

शेवटी वैतागून त्यांनी मोठा टेबलक्लॉथ काढला. एका टोकाकडून किनार भरत हिने यायचं, दुसऱ्या टोकाकडून त्या स्वतः येणार. मधे भेट होईपर्यंत तोंड उघडायचं नाही, अशी तंबी दिली.

आज दुपारी उठून बघतात तर सून खिडकीपाशी बसून कात्रीच्या टोकाने टाके उसवत होती, आणि तेही सासूबाईंनी घातलेले.

"माझे टाके उसवतेस? कुणाला विचारून?"

"कुणालाच नाही, आई. इथे तुम्ही एक धागा जास्त मोजलात. किनार मधे जुळलीच नसती."

सासूबाईंनी चष्मा लावला. सुलट बाजूने मोजलं, उलट बाजूनेही मोजलं, आणि कापड तिच्या मांडीवर फेकलं.

"अंगात एवढी धमक होती, तर इतके दिवस माझं डोकं कशाला खाल्लंस गं?"