लूमवरची सवय

लडकूने आणि मी भिवंडीत बारा वर्षं शेजारशेजारच्या लूमवर काढली. मागांच्या खडखडाटात काही ऐकू यायचं नाही, म्हणून आम्ही ओठ बघून बोलणं ओळखायचो. पुढे लडकूने स्वतःचे लूम टाकले, शेठ झाला, बंगला बांधला. बंगल्याच्या वास्तुशांतीच्या जेवणाला मी दाराशी उभा होतो, तो लांब पलीकडे सोफ्यावर, टेरिलीनच्या सुटात. शेजारच्या व्यापाऱ्याने माझ्याकडे बघून काहीतरी विचारलं. लडकू त्याच्या कानात कुजबुजला. मी ओठ वाचले: "जुना नोकर आमचा. फुकट जेवायला आलाय." तेवढ्यात आमची नजरानजर झाली. मीही नुसते ओठ हलवले: "शेठ, पँटची बटणं उघडी हायेत." पूर्वीच्या लडकूने वाकून बघितलं असतं. शेठला चारचौघांत कसं जमणार? त्याने मांडीवर उशी ओढली. फोटोवाला आला, सगळे उभे राहिले, शेठ उठेनाच. तो फोटो अजून बंगल्यात टांगलाय. बटणं लावलेलीच होती.