परीक्षकांचा माणूस

"पण मी खुर्चीवरून उठू कशाला?" म्हाताऱ्या नटाने सकाळपासून चौथ्यांदा विचारलं.

दिग्दर्शकाने डोळे मिटले, दहा आकडे मोजले आणि हसला. "तुम्हाला काय वाटतं, काका? कशाला उठावं?"

हा दिग्दर्शक त्याच्या गावच्या नाटकमंडळात जमदग्नी म्हणून ओळखला जाई. नाव उगाच पडलं नव्हतं. गेल्या नाटकाच्या तालमीत तो असा काही कडाडला की तीन नट चहाला म्हणून गेले ते परत आलेच नाहीत. मंडळाचा अध्यक्ष त्याचा सख्खा मामा. पण मामानेही स्वच्छ सांगितलं होतं, "कार्यशाळा पास होऊन ये, नवं नाटक तुझं. नाहीतर यापुढे तिकीट काढून प्रेक्षकांत बस."

नाटकावाचून जमदग्नीला अन्न गोड लागत नसे. तो मुकाट्याने आला.

कार्यशाळेचा नियम पहिल्याच सकाळी सांगितला गेला. प्रत्येक दिग्दर्शकाला दोन नट, एक प्रवेश आणि सहा दिवस. दोन नटांपैकी एक खरा शिकाऊ, दुसरा परीक्षकांनी पेरलेला. कोण, ते सांगणार नाहीत. शेवटी त्या पेरलेल्या माणसाला एकच प्रश्न विचारायचा: यांच्या हाताखाली पुन्हा काम कराल? तो हो म्हणाला तर दिग्दर्शक पास. प्रयोग रंगो वा पडो.

जमदग्नीने अर्ध्या तासात ओळखलं. म्हणजे ओळखायला होतंच काय? त्याच्या वाट्याला एक नोकरीतून निवृत्त झालेले काका आले होते आणि एक नर्स. नर्सताई वेळेवर यायची, सांगितलेलं करायची, "हो दादा" म्हणायची. काका मात्र शंकासुर. बापाने घर सोडायला नकार द्यायचा, मुलीने त्याची बॅग भरायची, एवढा साधा प्रवेश. पण काकांना वाक्यावाक्याला अडचण. कोणी पढवल्याशिवाय माणूस दुसऱ्याला इतकं छळूच शकत नाही, अशी जमदग्नीची खात्री झाली.

मग त्याने कंबर कसली. या माणसाच्या तोंडून "हो" काढायचंच.

"घर सोडायचं नाही म्हणतो, मग या बापाने बूट का घातलेत?" काका म्हणाले.

जुना जमदग्नी असता तर बूटच फेकून मारला असता. नवा जमदग्नी विचारात पडला. खरंच की! त्याने बूट काढायला लावले आणि बाप एकदम घरातला वाटायला लागला.

"ही एवढं लांबलचक बोलते तोवर मी काय माशा मारू?"

"खरंय. ताई, ही चार वाक्यं काढू या, चालेल ना?" जमदग्नीने विचारलं आणि उत्तर यायच्या आत वहीत काट मारली.

"हो दादा," नर्सताई म्हणाली.

तिसऱ्या दिवशी नर्सताई त्याच्याजवळ आली. "दादा, बॅग भरताना मला असं वाटतं की..."

"अगं, तुझं काही नाही! तू उत्तम करतेस. तुझी मला काळजीच नाही." त्याने तिला मनापासून शाबासकी दिली आणि काकांना पाणी आणून द्यायला धावला. ती परत जाऊन बॅग भरू लागली.

संध्याकाळी बायकोला फोन केला.

"आज घसा बसलेला नाही वाटतं?" तिने विचारलं.

"ओरडलोच नाही."

"अंगात ताप आहे का?"

तो खळखळून हसला. खरं तर त्याला इतकं हलकं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. पहिले दोन दिवस त्याने शांतपणाचं सोंग केलं, हे खरं. पण तिसऱ्या दिवशी काकांची शंका ऐकताना त्याच्या लक्षात आलं, की आपण आकडे मोजायचे विसरलोय. काकांचा म्हणे मुलगा दूर असतो, फोनही करत नाही. हेही पढवलेलंच असणार, असं मनाशी म्हणत तो तासभर ऐकत बसला. आपल्याला माणसं सांभाळता येतात, हे त्याला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं, आणि फार फार बरं वाटलं.

पाचव्या दिवसापर्यंत मुलीच्या तोंडी तीन वाक्यं उरली. ती प्रेक्षकांकडे पाठ करून बॅग भरत राहायची आणि काका बोलायचे. प्रवेश असा चढला की शेजारच्या खोलीतले दिग्दर्शक दारात येऊन उभे राहिले.

सहाव्या दिवशी प्रयोग झाला. शेवटच्या वाक्याला काका खुर्चीवरून उठले, का उठले हे कोणालाही विचारावं लागलं नाही. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. पंख्याखालच्या पुढच्या रांगेतल्या एकाने तर डोळे पुसले.

परीक्षकबाईंनी चष्मा लावला. "प्रयोग सुरेख झाला. आता प्रश्न. आमच्या माणसाने उभं राहावं."

जमदग्नीने मामाला काय सांगायचं ते मनात जुळवलं आणि काकांकडे पाहून प्रेमाने मान डोलावली. काकांनीही मान डोलावली आणि पुन्हा खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागले.

"यांच्या हाताखाली पुन्हा काम कराल?" बाईंनी विचारलं.

"नाही," उभी राहिलेली नर्सताई म्हणाली.