पडद्याअलीकडे

मेंदूतली गाठ काढायला मोहन्याहून आलेले महिपतकाका ऑपरेशन टेबलावर जागे होते, कवटी उघडी असूनही गप्पा मारत होते. पडद्यापलीकडून सर्जन सर मेंदूवर सळी टेकवून बारीक करंट द्यायचे. हात हलला किंवा बोलणं अडलं, की ती जागा सोडायची. बाकी गाठ कापायची. पडद्याअलीकडे बसून काकांवर नजर ठेवायची, एवढंच शिकाऊ डॉक्टर श्रियाचं काम.

सरांनी सळी टेकवली. काकांचा हात निवांत पडून होता. श्रियाची बोटं मात्र खाडकन वळली.

"हात हलला का गं?"

"काकांचा... नाही, सर."

सळी पुढे सरकली. श्रियाची जीभ लुळी पडली.

"आता?"

तिने जिवाच्या आकांताने तोंड उघडलं. आवाज फुटेना.

"मला काय नाय झालं, साहेब," काका म्हणाले.

"छान. मग इथूनच कापू या."