खोटेपणाला शून्य

खुनाच्या आरोपाखाली बनारसच्या मनोरुग्णालयात ठेवलेल्या रामधनीची आज शेवटची मुलाखत होती. तो पुन्हा हिंसा करेल का, हे डॉ. सुनीती एकेका दोषाला गुण देऊन ठरवणार होत्या; गुण जितके जास्त, तितका धोका जास्त.

"बनारस के बाहर हम कभी गए ही नहीं, मैडम," तो दर वेळचंच बोलला. खोटेपणाला त्यांनी शून्य दिलं.

तेवढ्यात मुलीचा फोन आला. इथे मराठी कुणाला कळतंय, म्हणून त्या त्याच्यासमोरच बोलल्या. "अवनी, आजी गावाला गेलीये ना! किल्ली तुळशीच्या कुंडीखाली आहे. मी येईपर्यंत एकटीच बस."

मग 'धोका कमी' असं लिहून त्यांनी सुटकेच्या शिफारशीवर सही केली. रामधनी उठला, हात जोडून स्वच्छ मराठीत म्हणाला,



"येतो ताई. किल्ली अशी तुळशीखाली ठेवत जाऊ नका."